समासातला पाच

१

काल्हेरच्या औषधांच्या गोदामातून सर्पदंशावरच्या इंजेक्शनच्या तीनशे कुप्या नाहीशा झाल्या आहेत, हे मंगळवारी संध्याकाळी सव्वासहाला उघडकीस आले, आणि साडेसहापर्यंत चोर कोण हेही सगळ्यांनी ठरवून टाकले.

बुधवारी बाराच्या सुमारास विमा कंपनीच्या वतीने मंदा उबाळे तिथे पोचली, तेव्हा तो ठरलेला चोर फाटकाबाहेर एका पालथ्या क्रेटवर बसला होता. गणवेशाचा निळा सदरा त्याच्याकडून काढून घेतला होता. गंजीफ्रॉकवर त्याने पंचा पांघरला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडे तो मान वर करून पाहत होता. बारा वर्षांची सवय त्या मानेला सोडवत नव्हती. केसरीनाथ तरे, फाटकाचा रखवालदार, वय त्रेसष्ट. गोदामाची मागची भिंत जिथे उभी आहे, तिथे एके काळी त्याच्याच घरचा भात पिकत असे. आता गावातली ओळखीची माणसे दुचाकीवरून जाताना वेग कमी करत, बघत आणि काही न बोलता पुढे जात.

मंदा त्याच्यापाशी क्षणभर थांबली. "बाबा, पाणी घेतलंत का?"

त्याने पुढच्या ट्रककडे मान वळवली.

आतल्या केबिनमध्ये व्यवस्थापक मनोज तिची वाटच पाहत होता. चार महिन्यांपूर्वीपर्यंत तो फरशांच्या गोदामात होता. बोलणे मऊ, वागणे अदबीचे.

"मॅडम, मला स्वतःला फार वाईट वाटतंय. वयस्कर माणूस. पण हेड ऑफिसचं सांगणं आहे, पाच वाजता त्यांना पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. त्याआधी तुमचा प्राथमिक अहवाल झाला की बरं."

"आत्ता पावणेबारा झालेत."

"हो ना. आणि त्या कुप्यांना थंडी लागते. पेटीतला बर्फ फार तर आज रात्रीपर्यंत टिकेल. भातकापणीचे दिवस आहेत, दिघाशीच्या आरोग्य केंद्रात रोज एखादा पेशंट येतो म्हणतात. त्यांचाच माल होता तो."

मंदाने पेनाचे बटण दोनदा दाबले आणि पुन्हा दोनदा दाबले. गणितात एम. एस्सी. झालेल्या या बाईला प्राध्यापकी मिळाली नव्हती. नुकसानीच्या पाहण्या करता करता तिची वीस वर्षे गेली होती, आणि घड्याळ लावून दिलेल्या कामात एका जागी बसणे तिला कधीच जमले नव्हते.

"वही दाखवा," ती उभ्या उभ्याच म्हणाली.

२

गोदामाची पद्धत साधी होती. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीला बारा आकडी क्रमांकाचा छापील पास मिळे. केसरीनाथ तो पास घेई, क्रमांक वहीत उतरवी, पास तारेत खोची आणि फाटकाचा दांडा वर करी. गाडी कोणाची, माल कोणता, हे सारे त्या क्रमांकाखाली संगणकात असल्याने वहीत फक्त वेळ आणि क्रमांक लिहिला जाई. संध्याकाळी पाचला पासांच्या तारेसकट ती वही आत येई आणि व्यवस्थापकाची सही झाली की विशाल तिच्यातले क्रमांक संगणकात भरी. कंपनीचे दुसरे गोदाम कोनला होते. तिकडून निघालेल्या काही गाड्या इथेही माल घेत. त्यांचे पास कोनचे असल्यामुळे इथल्या संगणकात त्यांची माहिती नसे. त्यांचा मेळ महिन्याच्या शेवटी घातला जाई.

मंगळवारच्या पानावर दुपारी दोन वीसची नोंद होती:

४३७१ ८०३५ ९३६२

असा पास ना काल्हेरने दिला होता, ना कोनने. तारेत तो कागदही नव्हता. फाटकावरचा कॅमेरा एका ट्रेलरने गेल्याच आठवड्यात खांबासकट आडवा केला होता.

"म्हाताऱ्यानं मनानं नंबर लिहिला आणि गाडी सोडली. सिंपल आहे," विशाल म्हणाला. तिशीचा, चष्मेवाला, सतत पाय हलवणारा. त्याच्या पडद्याच्या कडेला संगणकाचा पासवर्ड चिकटपट्टीने डकवलेला होता.

"हा पासवर्ड?"

"माझाच. पण सगळेच वापरतात. मी जेवायला गेलो की गाड्या थोड्याच थांबतात?"

"नंबर खोटा आहे हे तुला कसं कळलं?"

"मी नाही, मशीननं सांगितलं. भरला आणि लाल झाला. अहो, एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तरी मशीन लगेच लाल. मंग मी ओरडलो, की हा पासच बोगस आहे. करिष्मानं कोल्ड रूम मोजली तर पेटी गायब."

"असं लाल का होतं, माहीत आहे?"

"ट्रेनिंगला सांगितलेलं. हेड ऑफिसचं मशीन नंबर कसेही काढतं, ओळीनं नाही. पण शेवटचा आकडा असा लावतं की अख्खा नंबर अकरानं भागला जातो. कोनचा असो की आपला. हा भागला गेला नाही." त्याने वहीवर बोट आपटले. "आणि मॅडम, हे बघा. प्रत्येक नंबराच्या बाजूला समासात एक बारीक आकडा. एक ते नऊ. इथे पाच, वर आठ, खाली दोन. काय असेल हे? कुठल्या ड्रायव्हरनं किती चारले त्याची खूण! बारा वर्षं राजरोस लिहितोय आणि कुणाचं लक्ष नाही."

मंदाने पान उजेडात धरले. आकडे सारे देवनागरी, ठसठशीत, शाळेतल्या कित्त्यासारखे. दोन वीसच्या नोंदीपुढे समासात खरोखरच एक पाच होता.

विशालला हा पाच चोरीचा पुरावा वाटत होता, आणि अहवालात लिहायला तेवढे पुरेसे होते. पण लाचेची खूण कोणी इतक्या सुंदर अक्षरात करतो का, हा प्रश्न तिला गप्प बसू देईना.

३

कोल्ड रूमची किल्ली करिष्मा भोईरकडे असे. कोनची मुलगी, फार्मसी शिकलेली. पहिल्याच प्रश्नाला तिचा आवाज चढला.

"किल्ली माझ्याकडे, म्हणून मीच ना? मग बोला ना तसं! दीड ते अडीच किल्ली ऑफिसच्या खिळ्याला असते. मी जेवायला जाते. कुणीही घेईल."

"मी काहीच बोलले नाही, करिष्मा."

"सगळे न बोलताच बोलतात कालपासून." तिने डोळे पुसले. "आणि केसरीनाथबाबांना काढलं तसं कुत्र्यालाही काढत नाही कुणी. सदरा उतरवून घेतला त्यांचा! माझ्या बाबांच्या वयाचे आहेत. आमचा चहा रोज फाटकावर होतो, चारला. पाच वाजता वही आणि पासांची तार मीच आणते त्यांच्याकडून, साहेबांच्या टेबलावर ठेवते."

"काल?"

"कालही. साहेब सही करतात, मग विशालकडे."

म्हणजे वही तिघांच्या हातांतून गेली होती. मंदाची नजर दारावरच्या तक्त्यावर गेली. तापमानाच्या नोंदींखाली औषधांच्या बॅचचे लांबलचक क्रमांक हाताने लिहिलेले होते, आणि प्रत्येकाच्या शेजारी पेन्सिलीने एक बारीक आकडा. तिने तो तक्ता दोनदा वाचला, पण काही विचारले नाही.

परतताना तिने मनोजच्या केबिनमध्ये डोकावले. "एकच विचारायचं होतं. वहीच्या समासातले हे आकडे कसले?"

मनोज हसला. "अहो, ते? नग मोजत असतील. पाच खोकी, आठ खोकी. जुनी माणसं, बोटं मोजायची सवय. विशाल म्हणतो तसलं काही नसेल, मला तरी नाही वाटत." मग त्याने आवाज उतरवला. "खरं सांगू का? मला वेगळंच कोडं पडलंय. त्या पानावर एकशे चाळीस नंबर. कोनचा पास म्हणून हाही महिनाअखेरपर्यंत गपचूप पडून राहिला असता. नेमका त्याच एका नंबरावर विशालनं बोट का ठेवावं? कुणाला आधीच माहीत असल्यासारखं?"

मंदा दारातच थबकली. त्याच्या भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटे झाली होती. वाक्य साधे होते, पण त्यात काहीतरी खटकत होते, आणि काय ते तिला अजून सापडत नव्हते.

४

बाहेर ऊन रणरणत होते. फाटकावर बसवलेला तात्पुरता रखवालदार गोंधळला होता आणि मागे ट्रकांची रांग हॉर्न वाजवत होती. "चाचा को वापस बिठाओ यार!" कोणीतरी ओरडले. केसरीनाथने मान खाली घातली.

मंदा त्याच्यासमोर दुसरे क्रेट ओढून बसली आणि वही मांडीवर उघडली.

"बाबा, हा पाच कशाचा?"

त्याने समासावरून अंगठा फिरवला. मग घसा खाकरून म्हणाला, "कालपासून सगळे मना चोर बोलले. माझा नातू शाळंत गेला न्हाय आज. पन ह्यो आकडा कशाला, असं कुनी इचारलं न्हाय."

"मी विचारते."

"ताळा हाय त्यो. नवाचा ताळा. तुमच्या टायमाला शिकवीत न्हवते काय शाळंत?"

मंदाने पेन खाली ठेवले. शिकवत होते. पालिकेच्या शाळेतल्या बाई गुणाकार झाला की विचारत, ताळा जुळतो का? आकड्यांची बेरीज करायची, तिची पुन्हा बेरीज करायची, एकच आकडा उरेपर्यंत. उरेल तो ताळा. विद्यापीठात याच गोष्टीला भारदस्त नाव मिळाले आणि जुने नाव ती विसरून गेली.

"तुम्ही कसा काढता, ते सांगा."

"पास हातात आला का आदी पासाचा ताळा काढतो. त्यो समासात लिवतो. मंग नंबर उतरवतो. मंग उतरवलेल्या नंबराचा ताळा काढतो. दोन्ही सारके आले, तरच दांडा वर. बारा आकडे हायेत बाय, हात चुकतो. चष्मा असून चुकतो. मास्तर बोलायचे, स्वतावर भरवसा ठेवू नको, ताळ्यावर ठेव."

"प्रत्येक गाडीला?"

"पत्तेक. ड्रायवर शिव्या घालतात. घालू देत."

मंदाने पेन उचलले. चार, तीन, सात, एक: पंधरा. आठ, शून्य, तीन, पाच: सोळा. नऊ, तीन, सहा, दोन: वीस. एकूण एक्कावन्न. पाच आणि एक, सहा.

तिने पुन्हा केले. सहाच.

"बाबा, इथे सहा येतोय. समासात पाच आहे."

केसरीनाथने वही तिच्या हातातून अक्षरशः ओढून घेतली. अंगठा बोटांच्या पेरांवरून भराभरा फिरू लागला, ओठ हलू लागले. एकदा मोजून झाले, दुसऱ्यांदा झाले. तिसऱ्यांदा मोजून त्याने समासातल्या पाचावर बोट ठेवले.

"न्हाय," तो म्हणाला. "अशी गाडी मी सोडनारच न्हाय. ह्यो नंबर मी लिवलेला न्हाय. अक्षर माझं हाय, पन नंबर माझा न्हाय."

५

अडीच वाजले होते. मंदा विशालच्या टेबलापाशी आली आणि एका पुठ्ठ्यावर तो बारा आकडी क्रमांक मोठा करून लिहिला.

"विशाल, खुर्ची ओढ. पाय हलवू नको. मला मदत कर."

"काय करायचंय?"

"या नंबरातला एक आकडा कोणीतरी बदललाय. कोणता, ते शोधायचंय."

"बारा आकडे, मॅडम! कसं शोधणार? मूळ कागद तर गायब."

"कागद गायब आहे. पण कागदाच्या दोन गोष्टी आपल्याकडे राहिल्यात." तिने पुठ्ठ्यावर रेघ मारली. "पहिली, मूळ नंबराचा ताळा पाच होता. कारण तो समासात आहे आणि तो पासावरून काढलेला आहे. वहीतल्या नंबराचा सहा येतो. म्हणजे आकड्यांच्या बेरजेत एक जास्त झालाय. दुसरी गोष्ट तूच सांगितलीस."

"अकरा?"

"अकरा. एक सोडून एक आकडा घे. पहिला, तिसरा, पाचवा, असे विषम जागांवरचे. चार, सात, आठ, तीन, नऊ, सहा. बेरीज?"

"सदतीस."

"आता सम जागांवरचे. तीन, एक, शून्य, पाच, तीन, दोन."

"चौदा."

"वजाबाकी?"

"तेवीस."

"अकराच्या पाढ्यात तेवीस नाही, बावीस आहे. इथेही एकच जास्त. ताळा म्हणतो, कुठलातरी आकडा एकाने वाढवलाय. अकरा म्हणतो, तो विषम जागेवरचा असला पाहिजे, कारण सम जागेवरचा एक कमी केला तर तेवीसचे चोवीस होतील. राहिले सहा आकडे. चार, सात, आठ, तीन, नऊ, सहा. यातला एक मुळात एकाने कमी होता. आता बाबांचं अक्षर डोळ्यांसमोर आण. तीनाचा चार पेनाने करता येईल? सहाचा सात? सातचा आठ, आठाचा नऊ, पाचाचा सहा?"

विशालने मान हलवली. मग एकदम ताठ बसला. "दोनचा तीन! खाली एक वळण फिरवलं की झालं."

"सातव्या जागेवर."

वहीवर दोघांची डोकी एकत्र वाकली. सातव्या जागेवरच्या तीनाचे खालचे वळण बाकीच्या दोन तीनांपेक्षा जरा अरुंद होते. नुसते पाहून ते कधीच लक्षात आले नसते. कुठे पाहायचे ते कळल्यावर मात्र दुसरे काही दिसेना.

"भर," मंदा म्हणाली. "चार तीन सात एक, आठ शून्य दोन पाच, नऊ तीन सहा दोन."

विशालने क्रमांक भरला. पडदा लाल झाला नाही. त्यावर एक पास उघडला. काल्हेर गोदाम, माल: रिकामे क्रेट, एक टेम्पो, चालक रघू, मोबाईल क्रमांक. दुपारी एक पन्नासला काढलेला. तीन वाजता रद्द केलेला.

आणि सर्वांत खाली, काढणारा आणि रद्द करणारा: विशाल.

त्याचे हलणारे पाय थांबले. "मॅडम, आईशप्पथ," तो कुजबुजला, "मी तेव्हा जेवायला गेलो होतो. तीनपर्यंत खानावळीत..."

"बाहेर कुणी पाहिलं तुला?"

"एकटाच होतो. तिथल्या गर्दीत कोण लक्षात ठेवणार?"

६

पावणेपाचला केबिनमध्ये चौघे होते. मनोज खुर्चीत, करिष्मा भिंतीला टेकून, विशाल दाराशी घामाघूम, आणि मंदा उभी. बाहेर पोलिसांची गाडी येऊन थांबल्याचा आवाज झाला.

"माझा अहवाल तयार आहे," मंदा म्हणाली. "टेम्पो खऱ्या पासावर गेला. बाबांनी तो पास बरोबर उतरवला. नंतर टेम्पोचा माग राहू नये म्हणून पास संगणकात रद्द केला गेला. आता अडचण एवढीच होती, की संध्याकाळी वही भरताना मशीन सांगणार, हा पास रद्द झालाय, तरी गाडी गेली कशी? म्हणून वहीतला एक आकडा बदलला. तारेतला कागद काढून घेतला. नंबर अनोळखी झाला की तो कोनचा समजला जाईल आणि महिनाअखेरपर्यंत कुणी पाहणार नाही, असा हिशेब होता."

मनोजने खेदाने मान हलवली. "आणि लॉगिन विशालचं आहे, असं कळलं मला. तरुण मुलगा. वाईट वाटतं."

"मलाही आधी तसंच वाटलं. मग मी विचार केला, की हा आकडा बदलणाऱ्याला काय काय माहीत नव्हतं?" तिने वही टेबलावर ठेवली. "विशालला माहीत आहे, की एक आकडा बदलला तर मशीन लाल होतंच. रोज त्याच्यासमोर होतं. तो एका फटकाऱ्याचा बदल कधीच करणार नाही. केलाच, तर स्वतःच बोंब मारणार नाही. विशालला सुटायचं असतं तर त्याने नुसतं गप्प राहायचं होतं."

विशालने चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"करिष्मा, तुझ्या तक्त्यावरचे पेन्सिलीचे आकडे?"

"ताळे आहेत," करिष्मा गोंधळून म्हणाली. "बाबांनीच शिकवले चहाच्या वेळी. का?"

"कारण तू आकडा बदलला असतास, तर समासातला पाचही बदलला असतास. तो तिथे राहिला तर पकडले जाऊ, हे तुला ठाऊक आहे. बाबांनाही ठाऊक आहे. म्हणजे हे काम अशा माणसाचं, ज्याला नवाचा ताळा माहीत नाही आणि अकराचा नियमही माहीत नाही. ज्याला समासातले आकडे नग मोजल्यासारखे वाटतात. आणि ज्याला अजूनही कोडं पडलंय, की एकशे चाळीस नंबरांतून नेमका हाच विशालला कसा सापडला."

तिने वही मनोजकडे वळवली.

"हा तर्क झाला, मॅडम," मनोज शांतपणे म्हणाला. आवाज मऊच होता, पण टेबलावरचा पाण्याचा पेला त्याने उगाचच दोन बोटे सरकवला. "आकड्यांच्या खेळावर माणसाला चोर ठरवता येत नाही."

"नाहीच येत. बाहेर क्रेटवर एक माणूस सकाळपासून बसलाय, त्यालाही तसं चोर ठरवता येत नव्हतं." मंदाने त्याच्या टेबलावरचा फोन पुढे ओढला, रद्द पासावरचा मोबाईल क्रमांक फिरवला आणि स्पीकरचे बटण दाबले.

तीनदा घंटी वाजली. मग रहदारीच्या गोंगाटातून एक आवाज आला. "हां साहेब, बोला. पेटी हाय तशी हाय. कोनला डेअरीच्या थंडीत ठेवली, तुमी बोललेले तसा बरफ पन बदलला सकाळी. ती पार्टी आज रातला येते ना उचलायला? हॅलो? मनोजसाहेब?"

मंदाने फोन ठेवला. मनोज फोनकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पायरी चुकून पाऊल हवेत पडल्यावर माणूस दिसतो, तसा तो दिसत होता.

"कुठेच मिळत नव्हत्या कुप्या," शेवटी तो म्हणाला. "एक जण मागेल ती किंमत द्यायला तयार होता. त्याचेही पेशंटच होते."

"दिघाशीला ज्यांना साप चावतो, ते कोण होते?" करिष्माने विचारले.

दारावर हवालदाराची थाप पडली.

७

पेटी कोनहून आली तेव्हा साडेसहा झाले होते. करिष्माने आतले तापमान तपासले आणि पहिल्यांदाच हसली. दिघाशीच्या आरोग्य केंद्राची गाडी फाटकाशी उभीच होती. ते लोक दुपारपासून फोन करत होते.

केसरीनाथ निळा सदरा घालून आपल्या जागेवर बसला होता. सदरा विशालनेच आणून दिला होता आणि हात जोडून काहीतरी पुटपुटला होता. म्हातारा फक्त म्हणाला होता, "नंतर बोल. आता गाड्या सोडू दे."

मंदा त्याच्या खिडकीशी आली. निघायचे होते, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नव्हते.

"बाबा, तुमच्या ताळ्याला एक गोष्ट कळत नाही."

"कनची?"

"समजा पासावर सत्तावीस आहे आणि तुम्ही बहात्तर लिहिलेत. ताळा?"

त्याने पेरे मोजली. दोन्हीकडे नऊ. त्याचा चेहरा उतरला. "बारा वरसं मी..."

"एकदाही चुकलेलं नाही. विशालचं मशीन अकराने तपासतं, त्याला ते कळलं असतं. पण तुम्ही स्वतःच तपासू शकता. एक सोडून एक आकडे घ्यायचे, दोन बेरजा करायच्या आणि वजाबाकी. शून्य किंवा अकराच्या पाढ्यातलं उत्तर आलं, तर नंबर खरा."

"मास्तरांनी ह्यो सांगितलाच न्हाय," तो जरा रागानेच म्हणाला. मग वही सरळ केली. "सांगा परत. हळू सांगा."

तिने सांगितले. दिघाशीच्या गाडीचा पास त्याच्या हातात होता. त्याने नेहमीसारखा नवाचा ताळा काढला, समासात लिहिला, क्रमांक उतरवला, पुन्हा ताळा काढला. जुळला. मग, आयुष्यात पहिल्यांदा, एक सोडून एक आकड्यावर पेनाचे टोक ठेवत तो पुढे सरकू लागला.

"बाबा, सोडा ना!" करिष्मा गाडीच्या मागून ओरडली. "बर्फ वितळतोय!"

"थांब, पोरी. आकडा जुळू दे."

मागच्या ट्रकने हॉर्न दिला. केसरीनाथने मान वर केली नाही. एका बाजूची बेरीज त्याने तळहातावर लिहिली, दुसरी तिच्याखाली, आणि वजाबाकी केली. मग समासात, नवाच्या ताळ्याशेजारी, त्याच ठसठशीत कित्त्याच्या अक्षरात त्याने एक शून्य काढले, आणि दांडा वर केला.